हिवाळ्यापुरता जोडीदार

नोव्हेंबरमध्ये जमलेलं मार्चपर्यंत टिकतं का? शिकागो, टोरांटो किंवा लंडनला शिकायला गेलेली मुलंमुली हा प्रश्न एकमेकांना हसत हसत विचारतात. इकडे आईवडिलांच्या कानावर तो गेला, तर ते हसत नाहीत. दोघांच्याही मनातला मूळ प्रश्न मात्र एकच असतो. थंडी पडली की माणसाला सोबत हवीशी वाटते हे खरं, की हे हल्लीचं खूळ? आणि खरं असेल, तर अशा घाईच्या दिवसांत निवड करायची कशी?

१. हा हंगाम कुठला?

अमेरिकेतल्या तरुणांच्या, त्यातही कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलण्यात २०१० च्या आगेमागे ‘कफिंग सीझन’ हा शब्द रुळला. कफ म्हणजे बेडी. उन्हाळाभर मोकळं हिंडायचं, ऑक्टोबर लागला की कुणाच्या तरी हातात हात अडकवायचा आणि फेब्रुवारीतला व्हॅलेंटाइन डे उलटेपर्यंत तो सोडायचा नाही, असा हा प्रकार. २०१७ साली कॉलिन्स शब्दकोशाने वर्षातल्या ठळक शब्दांच्या यादीत तो घेतला, तोवर तो अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पोहोचला होता.

मुंबई-पुण्यात बसून हे समजायला जरा जड जातं, कारण आपल्याकडे हिवाळा हा वर्षातला सर्वांत सुखाचा काळ. हुरडा, शेकोटी, लग्नाच्या पंगती सगळं याच दिवसांत. शिवाय मुंबईत २१ डिसेंबरलाही दिवस जवळपास ११ तासांचा असतो. शिकागोत तो ९ तासांच्या किंचित वर आणि लंडनमध्ये ८ तासांहूनही कमी. डिसेंबरच्या सुरुवातीला शिकागोत दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळलेला असतो, त्यामुळे चारच्या तासाला बसलेला विद्यार्थी वर्गाबाहेर पडतो तो थेट रात्रीत. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ तासभर अलीकडे येते. ऑगस्टमध्ये बॅगा घेऊन उतरलेला नाशिकचा किंवा कोल्हापूरचा मुलगा तोवर जेमतेम रुळलेला असतो. मग थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, वसतिगृह रिकामं होतं आणि आपण किती एकटे आहोत हे त्याला नीटच कळतं.

२. गारठा मनात शिरतो का?

टोरांटो विद्यापीठातल्या चेन-बो झोंग आणि जेफ्री लिओनार्डेली यांनी २००८ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी, आपल्याला कुणी वगळलं होतं असा प्रसंग आठवायला सांगितला. बाकीच्यांना, आपल्याला सामावून घेतलं गेलं तो प्रसंग. नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं, की या खोलीचं तापमान किती असेल? सामावून घेतल्याची आठवण काढणाऱ्यांचा अंदाज सरासरी २४ अंशांचा होता. वगळल्याची आठवण काढणाऱ्यांना तीच खोली साडेएकवीस अंशांच्या आसपास वाटली. दुसऱ्या प्रयोगात संगणकावरच्या चेंडूच्या खेळात काही जणांना मुद्दाम पास दिले नाहीत. या डावललेल्या मंडळींना नंतर गरम कॉफी आणि सूप जास्त हवंसं वाटलं. २०१२ मध्ये जिएवेन हाँग आणि याचेंग सुन यांनी उलट्या दिशेने पाहिलं आणि त्यांना आढळलं, की थंडी वाजत असलेल्या माणसांना प्रेमपट अधिक पाहावेसे वाटतात.

हे सगळं ऐकायला गोड आहे, म्हणूनच जपून घ्यावं. याच घराण्यातला सर्वांत गाजलेला प्रयोगही २००८ चाच. हातात गरम कॉफीचा कप धरला की समोरचा माणूस स्वभावाने प्रेमळ वाटतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जास्त माणसं घेऊन तो पुन्हा करून पाहिल्यावर, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसं काहीच दिसलं नाही. गारठा आणि एकटेपणा यांचं काही नातं असेलही, पण त्यावर हंगामभराच्या प्रेमाचा इमला उभा राहत नाही.

उजेडाचं प्रकरण जास्त ठोस आहे. नॉर्मन रोझेंथाल हे मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला आले, आणि दर हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो व वसंतात परत येतो हे त्यांच्या लक्षात आलं. १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या हिवाळी नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. झोप वाढते, गोडधोड आणि पिष्टमय खावंसं वाटतं, कामात मन लागत नाही. उपाय म्हणून सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. (घरातल्या नेहमीच्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्सच्या पलीकडे क्वचितच जातो.) हा आजार किती पसरलेला आहे याबद्दल मात्र मतभेद आहेत. २०१६ मध्ये स्टीव्हन लोबेलो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३४,००० हून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा नैराश्याचा ऋतूशी किंवा उजेडाशी संबंधच त्यांना दिसला नाही.

पण समजा, अंधाराने मन खरंच खचतं. तरी त्यातून जोडीदाराचा शोध कसा निघतो? खचलेला माणूस फोन उचलत नाही, ठरलेली भेट रद्द करतो आणि पांघरुणात शिरतो. ऑक्टोबरमध्ये नटूनथटून पाच जणांना भेटायला जाणं हे या आजाराच्या बरोबर विरुद्ध लक्षण आहे.

राहिली संप्रेरकं. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वाधिक आणि जूनमध्ये सर्वांत कमी आढळलं, हे अशा चर्चेत हमखास सांगितलं जातं. ट्रॉम्सो आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेला आहे आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांतली चित्रं याच्याशी जुळत नाहीत, हे मात्र कुणी सांगत नाही.

३. खरोखर हिवाळ्यात जोडी जमवणारे

निसर्गात हिवाळी जोडीदार शोधायचा तर बदकांकडे जावं. हिरव्या चकचकीत डोक्याचं मॅलार्ड बदक युरोप-अमेरिकेतल्या कुठल्याही तळ्यावर दिसतं. उन्हाळ्यात नराची पिसं गळून तो मादीसारखा मळकट दिसतो, शरदात त्याला पुन्हा रंग चढतो आणि लगेच माद्यांपुढे मान झटकणं, पाणी उडवणं सुरू होतं. निवड मादी करते. नरांची संख्या बहुधा माद्यांपेक्षा जास्त असल्यामुळे तिला घाई नसते. ऐन हिवाळ्यापर्यंत बहुतेक माद्यांना जोडीदार मिळालेला असतो, अंडी मात्र वसंतात.

मग इतक्या लवकर जोडी कशाला? कारण सोबत नर असला की बाकीचे नर मादीला छळत नाहीत. तिला निवांत खाता येतं, आणि हिवाळ्यात जी चांगली खाते तिची वसंतात अंड्यांची तयारी चांगली होते. ती अंड्यांवर बसली की नर निघून जातो आणि पुढच्या शरदात बहुधा नवी जोडी जमते.

याचा एक तुकडा आपल्याकडेही पाहायला मिळतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला जे थापटे आणि इतर बदकं हिवाळी मुक्कामाला येतात, त्यांच्या जोड्या या मुक्कामात आणि परतीच्या वाटेवर जुळतात. नंतर मादी जिथे जन्मली त्या उत्तरेकडच्या प्रदेशात नर तिच्यामागे जातो. म्हणजे भिगवणला जमलेला नर शेवटी घरजावई होतो, आणि तोही दर वर्षी वेगळ्या घरी.

या पक्ष्यांना ऊब एकमेकांकडून मिळत नाही, ती पिसांतून मिळते. उत्तरेतला उन्हाळा तोकडा असतो, पोहोचल्यावर जोडीदार शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून जोडी आधी ठरते. जोडी जमण्याचं कारण पाऱ्यात नसून पुढच्या तारखेत आहे. माणसांचंही बरंचसं तसंच आहे, असं मला वाटतं.

४. थंडी नव्हे, तारखा

अमेरिकेतला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पाहा. थँक्सगिव्हिंगचं कौटुंबिक जेवण, कचेरीतली नाताळची पार्टी, नाताळ, ३१ डिसेंबरची मध्यरात्र, मग १४ फेब्रुवारी. अडीच-तीन महिन्यांत पाच प्रसंग, आणि प्रत्येक ठिकाणी एकटं गेलं की कुणीतरी विचारणार. आपल्याकडे ‘यंदा कर्तव्य आहे’ असं कुणी म्हटलं, की तुळशीचं लग्न ते पौष लागण्याआधीची तारीख असा हिशोब घरोघर सुरू होतो. थंडी वाजते म्हणून कुणी मुहूर्त काढत नाही. तिकडच्या पोरांना पंचांग नसलं तरी तारखा आहेत.

पुरावे याच बाजूला झुकतात. अमेरिकेतल्या व्हिलानोवा विद्यापीठातले पॅट्रिक मार्की आणि रटगर्स विद्यापीठातल्या शार्लट मार्की यांनी इंटरनेटवर लोक जोडीदार आणि शरीरसंबंध यांविषयी केव्हा शोध घेतात ते तपासलं. त्यांना वर्षात एक नव्हे, दोन लाटा दिसल्या, एक हिवाळ्यात आणि दुसरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला. कारण थंडीच असती, तर जूनमधली लाट कुठून आली? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ ते २०१४ या वीस वर्षांत सरासरीने सर्वाधिक वाढदिवस २६ सप्टेंबरचे होते. तिथून ३९ आठवडे मागे मोजा, नाताळ येतो. जानेवारीतली सर्वांत कडक थंडी काही येत नाही.

तुटण्याचंही तसंच. डेव्हिड मॅकँडलेस आणि ली बायरन यांनी २०१० मध्ये फेसबुकवरच्या नोंदींमधून ‘ब्रेकअप’चा आलेख काढला. नाताळच्या दिवशी जवळजवळ कुणीच कुणाला सोडत नाही, पण त्याआधी दोनेक आठवडे मोठी उसळी असते, आणि दुसरी वसंताच्या सुट्टीच्या सुमारास. नाताळाआधीची उसळी मला फार बोलकी वाटते. घरच्यांना भेटवायचं का, भेटवस्तूवर किती खर्च करायचा, हे प्रश्न समोर आले की उत्तर नसलेली नाती तिथेच थांबतात. लग्न झालेल्यांचीही तीच तऱ्हा. ज्युली ब्राइन्स आणि ब्रायन सेराफिनी यांनी वॉशिंग्टन राज्यातले २००१ ते २०१५ या काळातले घटस्फोटाचे अर्ज पाहिले, तर ते मार्च आणि ऑगस्टमध्ये वाढतात. सणाची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी, दोन्ही आशेने घालवलेल्या, आणि नंतर वकील.

५. केप्लरची अकरा स्थळं

तारीख ठरलेली आणि उमेदवार एकामागून एक येणारे. अशा वेळी थांबावं केव्हा? या प्रश्नाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या योहानेस केप्लरचं. १६११ मध्ये त्याची पहिली पत्नी बार्बरा वारली. पुढच्या दोनेक वर्षांत त्याने अकरा स्थळं पाहिली आणि त्याचा वृत्तान्त एका पत्रात सविस्तर लिहून ठेवला. चौथीच्या बाबतीत त्याचा घोळ इतका लांबला, की तिने वाट बघणं सोडलं. पाचवी, सुझाना रॉयटिंगर, त्याला मनापासून आवडली, पण ती गरीब, आईवडील नसलेली. इष्टमित्रांनी नाकं मुरडली. केप्लर पुढच्या स्थळांकडे वळला, शेवटी पाचवीकडेच परत आला आणि ३० ऑक्टोबर १६१३ रोजी लग्न झालं. या लग्नाच्या सुमारास घरी आणलेल्या दारूची पिंपं व्यापारी कशी मोजतो हे पाहून त्याला पिंपांच्या घनफळावर पुस्तक लिहावंसं वाटलं, ते १६१५ मध्ये आलं. नवरदेव कुठे बघत होता पाहा!

गणितज्ञांनी हा प्रश्न विसाव्या शतकात नीट मांडला. नियम दोन. एक, उमेदवार एकेक करून येतात. दोन, नाकारलेल्याकडे परत जाता येत नाही. सर्वांत उत्तम उमेदवार मिळण्याची शक्यता जास्तीत जास्त कशी करायची?

तीनच उमेदवार घेऊ. अ सर्वोत्तम, ब मधला, क शेवटचा. पहिला जो येईल त्याला ‘हो’ म्हटलं, तर अ मिळण्याची शक्यता तीनात एक. आता दुसरी रीत पाहा. पहिल्याला फक्त पारखायचं, निवडायचं नाही. त्यानंतर त्याच्यापेक्षा सरस असा जो पहिला येईल त्याला होकार द्यायचा. उमेदवार सहा क्रमांनी येऊ शकतात. ‘बअक’, ‘बकअ’ आणि ‘कअब’ या तिन्हींत अ मिळतो. ‘कबअ’ मध्ये बवर समाधान मानावं लागतं. ‘अबक’ आणि ‘अकब’ मध्ये अ हातचा गेलेला असतो. सहापैकी तीन, म्हणजे शक्यता तेहतीस टक्क्यांवरून पन्नासवर गेली.

उमेदवार वाढले, की पारखण्यापुरते ठेवायचे लोक साधारण ३७ टक्के येतात. अकरांचे ३७ टक्के म्हणजे चार. केप्लरने हा नियम पाळला असता तर पाचवीलाच होकार दिला असता. ऑक्टोबर ते थँक्सगिव्हिंग या काळात आठ जणांना भेटायचं असेल, तर पहिले तीन पारखण्यासाठी. मग यशाची शक्यता सुमारे ४१ टक्के. आता गंमत पाहा. उमेदवार आठाऐवजी शंभर केले तर ही शक्यता वाढत नाही, ३७ टक्क्यांवर उतरते. शंभरांतला सर्वोत्तम आठांतल्यापेक्षा बहुधा सरस असेल, पण तो नेमका आपल्याला सापडेल याची खात्री वाढत नाही. ॲपवर रात्री दोनपर्यंत बोट फिरवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

या नियमाला एक काटा आहे. सर्वोत्तम माणूस पहिल्या तिघांतच येऊन गेला असेल, तर पुढे कुणीच पसंत पडत नाही. आठ उमेदवारांत ही शक्यता ३७.५ टक्के, आणि तेव्हा नाताळ एकट्यानेच काढावा लागतो. ‘सर्वोत्तमच हवा’ हा हट्ट सोडून ‘चांगला मिळाला तरी पुरे’ असं म्हटलं, तर आठांपैकी दोघांना पारखलं तरी भागतं. आणि प्रत्यक्ष आयुष्यात केप्लरसारखं परत जाता येतं, जर दार बंद झालेलं नसेल.

६. भाड्याचं घर आणि विकतचं

पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर घर घेताना आपण काय पाहतो? ऑफिसपासून किती लांब, पाणी येतं का, मालक कटकट करतो का. इमारत तीस वर्षांनी कशी असेल हे कुणी विचारत नाही. हेच घर विकत घ्यायचं म्हटलं की कागदपत्रं, सोसायटी, कर्जाचा हप्ता सगळं निघतं. हिवाळ्यापुरता जोडीदार बघणारा माणूस भाडेकरूच्या नजरेने बघतो. जवळ राहणारा, वेळ असलेला, हसवणारा, सोबत जेवायला येणारा. यात गैर काही नाही, दोघांना तारीख माहीत असेल तर.

अडचण अशी, की इथे करारावर तारीख छापलेली नसते. पॉल ईस्टविक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लोकांना त्यांच्या जुन्या नात्यांचा आलेख सुरुवातीपासून आठवून काढायला लावला. थोडके दिवस टिकलेली आणि वर्षानुवर्षं टिकलेली नाती सुरुवातीला सारखीच दिसत होती. फरक पुढे कळत गेला, तोही साधारण जवळीक शरीरापर्यंत पोहोचल्यानंतर. ‘मी फक्त मार्चपर्यंत’ म्हणणाऱ्यालाही मार्चमध्ये काय वाटेल हे ऑक्टोबरमध्ये ठाऊक नसतं.

शिवाय घाईत निवडणाऱ्याचा आणखी एक शत्रू आहे. टोरांटोच्या स्टेफनी स्पीलमन यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की एकटं राहण्याची धास्ती ज्यांना जास्त, ते आपल्याकडे कमी लक्ष देणाऱ्या माणसातही रस घेतात आणि सुख नसलेल्या नात्यालाही चिकटून राहतात. यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात ही धास्ती चढलेली असते. म्हणून त्या आठवड्यात सुरुवात करू नये, असा माझा आग्रह आहे. ऑक्टोबर बरा, नाहीतर सरळ जानेवारी. तेव्हा डेटिंग ॲपांवर वर्षातली सर्वांत मोठी गर्दीही असते, आणि पुढचा सण दीड महिना लांब असतो.

मग बघावं काय? इथे माणसाच्या आवडीनिवडींची यादी फारशी उपयोगी पडत नाही. समँथा जोएल, ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २०१७ मध्ये शंभरावर गुण आणि आवडी संगणकाला दिल्या, तरी कोणाला नेमकं कोण आवडेल हे त्याला सांगता आलं नाही. नंतर जोएल आणि अनेक सहकाऱ्यांनी ४३ अभ्यासांतली ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र केली (२०२०). नातं किती समाधानाचं आहे हे ओळखायला जोडीदाराचा स्वभाव, शिक्षण, उत्पन्न यांपेक्षा त्या नात्यातले अनुभव जास्त कामाला आले. समोरचा या नात्याला बांधील वाटतो का, आपली कदर होते का, समोरच्यालाही यात समाधान आहे असं जाणवतं का, भांडण किती होतं.

हे पहिल्या भेटीत कळत नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत कळायला लागतं. बर्फ पडून गाड्या रखडल्या तेव्हा तो कसा वागतो, तुमच्या परीक्षेच्या आठवड्यात ती किती रुसते, दिवाळीला तुम्ही मित्रांसोबत फराळ करत असताना त्याला तिथे यावंसं वाटतं का. आणि परदेशातल्या विद्यार्थ्याने तरी डिसेंबरच्या सुट्टीआधी एक प्रश्न विचारायलाच हवा, कारण त्याच्या व्हिसाला आणि नोकरीच्या शोधाला वसंत कळत नाही: ‘मे महिन्यात आपली पदवी पूर्ण होते. त्यानंतर तू कुठल्या शहरात असशील?’ उत्तर ‘अजून माहीत नाही’ असं आलं तर बिघडत नाही. विषय बदलला गेला, तर नाताळची भेटवस्तू फार महागाची घेऊ नये.